दोरीने दगड झिजतो

सदर : घरची हत्यारपेटी

नवी वस्तू घरात आली की तिच्यावरचे प्लास्टिक काढायचे नाही, हा आपल्याकडचा अलिखित नियम. टीव्हीचा रिमोट पिशवीत, गाडीच्या सीटवर कंपनीचे कव्हर, मिक्सर तर खोक्यातून फक्त पाहुणे आले की बाहेर. आमचे घर याला अपवाद नाही. सहा वर्षांपूर्वी थोरल्यासाठी डोंगरी पद्धतीची गिअरची सायकल घेतली, तेव्हा फ्रेमच्या नळ्यांवर गुंडाळून आलेले पातळ प्लास्टिक मी त्याला काढू दिले नाही. "राहू दे रे, रंग नवा राहील," असे वर ऐकवलेसुद्धा. जिथे ते सुटू लागले तिथे मी हौसेने सेलोटेप लावली.

थोरला आता नोकरीसाठी पुण्यात. सायकल जिन्याखाली उभी. गेल्या मे महिन्यात निपाणीहून बहिणीचा फोन आला. "दादा, धाकटा सायकलसाठी हटून बसलाय. तुमच्याकडे ती पडूनच आहे न्हवं?" खरेच होते. नव्याला पैसे घालण्यापेक्षा घरातली सायकल घरात फिरलेली बरी. सुटीत भाचेबुवा बेळगावला आले आणि टिळकवाडीतल्या आमच्या अंगणात आम्ही दोघे सायकल धुवायला बसलो.

प्लास्टिक ओढले आणि खाली तपकिरी भुकटी पडली.

"मामा, इथं बघा की!" भाचा ओरडला. साखळीच्या बाजूची जी आडवी नळी पायडलपासून मागच्या चाकाकडे जाते, तिच्यावर दाताने चावल्यासारखे खड्डे होते आणि त्या खड्ड्यांतून गंज प्लास्टिकखाली पसरला होता. हँडलखालच्या उभ्या नळीवर, जिथे गिअरची केबल वळते, तिथे अर्धचंद्राएवढा रंग साफ उडालेला. धातू चांदीसारखा चमकत होता. सासूबाई पायरीवर बसून पाहत होत्या. त्यांचे माहेर धारवाडचे. "नोडप्पा, तुक्कु हिडदैती," त्या भाच्याला म्हणाल्या. मराठीत आपण गंज चढला म्हणतो, कन्नडमध्ये गंज पकडतो. त्या दिवशी मला कन्नडच जास्त बरोबर वाटले. प्लास्टिकच्या आत बसून त्याने चोरासारखे पकडले होते, आणि दार मी उघडून दिले होते.

गल्लीतल्या मिस्त्रींकडे सायकल नेली. त्यांनी गंज खरवडला, टोच्याने जागोजागी दाबून पाहिले, पान्याने ठोकून आवाज ऐकला. "नळी अजून शाबूत आहे. पण आणखी दोन पावसाळे असं झाकून ठेवला असता तर मी पोराला यावर बसू दिलो नसतो." भाचा रोज शाळेला जाणार निपाणीच्या रस्त्यांवरून, आणि त्याची स्वप्ने तवंदी घाट उतरण्याची. ते वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. म्हणून आजचे सदर या विषयावर.

फ्रेम म्हणजे सायकलचा कणा

सायकलचे टायर बदलता येतात, साखळी बदलता येते, ब्रेकचे गट्टू, पायडल, सीट, अगदी चाकेही बदलता येतात. फ्रेम मात्र बदलायची म्हणजे सायकलच बदलायची. आणि नेमकी तिच्याकडेच आपले लक्ष नसते, कारण ती हलत नाही, वाजत नाही, तक्रार करत नाही.

तिला झिजवणारे शत्रू दोन. एक म्हणजे ब्रेकच्या आणि गिअरच्या केबली. हँडल वळले की त्या नळीवर घासतात. दुसरी साखळी. खडबडीत रस्त्यावर ती वरखाली उडते आणि आडव्या नळीवर वरून आणि खालून आपटते.

आता कोणी म्हणेल, केबलला बाहेरून प्लास्टिकचे आवरण असते, ते मऊ प्लास्टिक लोखंड कसे कापणार? त्यांनी जुन्या गावातल्या विहिरीवर जावे. काठाच्या दगडावर दोरीच्या खाचा पडलेल्या दिसतील. काथ्याची दोरी मऊ आणि दगड काळा कठीण, पण वर्षानुवर्षे एकाच जागी घासून दोरीने दगड झिजवला. त्यात दोरीला लागलेली माती आणि वाळू होती, हे आपण विसरतो. घासकाम करते ती खरी वाळू, दोरी फक्त तिला पुढेमागे ओढते.

सायकलवर हेच घडते. बेळगावच्या पश्चिमेला, जांबोटी-खानापूरच्या बाजूला जांभ्याची तांबडी माती, कन्नडमधली केंपु मण्णु. निपाणी-चिकोडीकडे काळी, चिकट माती, जी एकदा चिकटली की सोडत नाही. केबल आणि नळी यांच्या फटीत ही ओली माती बसली की पॉलिशपेपर तयार. मग प्रत्येक वळणाला एक हात फिरतो. फ्रेमवरचा रंग जाड म्हटला तरी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. तो जायला कितीसा वेळ लागणार? राजहंसगडाच्या चढाला किंवा राकसकोपच्या बाजूला पावसाळ्यात चार रविवार फिरून आलेली सायकल पाहा, हँडलखाली चकचकीत पट्टा दिसायला लागलेला असतो.

आजोबांच्या सायकलला हा रोग नव्हता

आमच्या आजोबांच्या काळ्या सायकलला हा त्रास कधी झाला नाही. त्याचे कारण आजोबांची शिस्त नव्हे, सायकलची रचना. त्या सायकलचे ब्रेक लोखंडी सळ्यांचे. केबल नाहीच, तर घासणार काय? आणि साखळी पूर्ण पत्र्याच्या पेटीत बंद, म्हणजे ती उडून नळीवर आपटण्याचा प्रश्न नाही.

बेळगावकरांना सायकलचा इतिहास तसा परका नाही. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ सालापासून मोजतो आणि ती सुरुवात म्हणजे बेळगावातले सायकलचे दुकान. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी ते चालवले. पुढे त्यांनी नांगर बनवले, १९१० मध्ये कारखाना कुंडल रोडला, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. बेळगावात किर्लोस्कर रोड आजही आहे. योगायोग असा की त्याच १८८८ साली डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. तो टायर त्यांनी प्रथम केला होता आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी. बापाने पोराच्या सायकलसाठी अंगणात खटपट करावी, ही परंपरा बरीच जुनी म्हणायची. ती ट्यूब आज आपल्याला लागणार आहे, म्हणून ही आठवण.

आवरणातून सरकणाऱ्या तारेच्या केबलचे पेटंट बोडेन यांनी १८९६ मध्ये घेतले. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावल्या आणि त्यातून आजची डोंगरी सायकल घडली. तिला जास्त गिअर हवे, म्हणून जास्त केबली आल्या. गिअर बदलताना साखळी एका चकतीवरून दुसरीवर उडी मारणार, म्हणून पत्र्याची बंद पेटी गेली आणि साखळी उघडी पडली. चढाला हलकी आणि चिखलात तगणारी सायकल आपल्याला मिळाली, पण आजोबांच्या सायकलला आपोआप मिळणारे संरक्षण गेले. ते आता आपल्याला हाताने द्यावे लागते. काम एका सकाळचे.

आधी जागा शोधा

डोळ्यांनी सगळ्या जागा सापडत नाहीत. भाच्याने शोधलेली युक्ती सांगतो. शाळेतला खडू घ्या, केबलींवर चोळा आणि हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. जिथे केबल नळीला टेकते तिथे पांढरी खूण उठते. आम्हाला चार जागा सापडल्या, त्यातल्या दोन माझ्या ध्यानातही नव्हत्या.

साधारणपणे पाहायच्या जागा अशा. हँडलखालच्या उभ्या नळीच्या दोन्ही बाजू. तिथून पायडलकडे उतरणाऱ्या तिरक्या नळीचा वरचा भाग. पुढच्या चिमट्याचा माथा, जिथे पुढच्या ब्रेकची केबल टेकते. मागच्या गिअरपाशी केबल गोल वळून येते तिथली नळी. आणि साखळीच्या बाजूची ती आडवी नळी, वरून, खालून आणि आतून. मागचा टायर जाड असेल तर त्याला अडकलेला चिखल चिमट्याच्या आतल्या बाजूला घासतो, तीही जागा पाहावी. बूट टाचेकडे घासतो का हेही बघा.

खडूची परीक्षा घेताना केबलची लांबीही कळते. हँडल पूर्ण वळवल्यावर केबल ताणली जात असेल तर ती आखूड आहे, ती नळीवर दाबून घासणार. हँडलपुढे मोठी कमान करून लोंबत असेल तर ती लांब आहे, ती हेलकावे खात घासणार. दोन्हीला मिस्त्रीकडून नीट लांबीचे आवरण घालून घेणे हा अर्धा उपाय आहे. वर कितीही पट्ट्या लावल्या आणि केबल चुकीची राहिली, तर पट्टी झिजेल आणि पुन्हा रंगाची पाळी येईल.

काय लावावे, काय लावू नये

आधी काय लावू नये ते सांगतो, कारण त्यात मी पदवीधर आहे.

सेलोटेप नको. ती उन्हात पिवळी पडते, तडकते आणि कडेने पाणी आत घेते. विजेच्या कामाची काळी टेप तात्पुरती चालते, पण उन्हाने तिचा डिंक वितळून नळीभर पसरतो आणि तो काढताना नाकी नऊ येतात. आणि कारखान्यातून आलेले प्लास्टिक तर पहिल्याच दिवशी काढावे. ते वाहतुकीत ओरखडे पडू नयेत म्हणून असते, वापरात ठेवण्यासाठी नव्हे. ते नळीला चिकटलेले नसते, त्यामुळे पावसाचे पाणी आत शिरते आणि ऊन पडले तरी बाहेर जात नाही. उघड्या सायकलवर पाऊस पडतो आणि वाळतो. झाकलेली सायकल आतून ओलीच राहते. संरक्षण म्हणून लावलेल्या वस्तूने पाणी कोंडले, तर ती वस्तू नसलेली बरी.

आता काय लावावे.

केबलच्या जागी पारदर्शक, जाडसर, पूर्ण चिकटणारी पट्टी उत्तम. चारचाकीच्या रंगावर संरक्षणासाठी जी पारदर्शक फिल्म लावतात, तिचे उरलेले तुकडे कार सजावटीच्या दुकानात मागितले तर थोडक्यात मिळतात. या जातीच्या फिल्मचा जन्म व्हिएतनाम युद्धाच्या काळातला. हेलिकॉप्टरची पाती वाळूने झिजत, त्यांना वाचवायला ती वापरली गेली. सायकलवाले तिला अजून हेलिकॉप्टर टेप म्हणतात. वाळूशी झुंजायलाच ती जन्मली, तेव्हा आपल्या तांबड्या मातीचे तिला काय!

लावण्याची रीत साधी, पण घाई चालत नाही. जागा साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटने पुसा. थिनर वापरू नका, तो रंगच विरघळवतो. पट्टी खडूच्या खुणेपेक्षा बोटभर मोठी कापा. कोपरे चौकोनी ठेवू नका, पाच रुपयांचे नाणे ठेवून गोल कापा, कारण टोकदार कोपरा पहिल्यांदा उचलतो. जागेवर साबणपाण्याचा हलका शिडकावा करा म्हणजे पट्टी सरकवून बसवता येते. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने मधून बाहेर पाणी आणि हवा काढा. वळणावर बसत नसेल तर केस वाळवायच्या यंत्राने थोडी ऊब द्या. नंतर एक दिवस सायकल उभी ठेवा.

पट्टीखाली मातीचा एक कण राहिला तरी तो तिथेच काम करत राहतो. म्हणून निम्मा वेळ धुण्या-पुसण्यात गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

साखळीसाठी ट्यूब

साखळीचा मार वेगळा. इथे घासण्यापेक्षा आपटणे जास्त, म्हणून पातळ फिल्म पुरत नाही, गादी लागते. त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबसारखी वस्तू नाही. डनलॉपसाहेबांना नमस्कार इथे करायचा.

खरे तर ही विद्या आपल्याकडे आधीपासून आहे. दूधवाल्याच्या सायकलकडे पाहा. किटलीची कडी जिथे दांड्याला घासते तिथे त्याने ट्यूबचा तुकडा बांधलेला असतो. पोती वाहणाऱ्या सायकलच्या कॅरिअरलाही तसाच. त्यांनी कोणते पुस्तक वाचलेले नसते. सायकल हीच ज्याची रोजीरोटी, त्याला फ्रेमची किंमत कळते.

ट्यूब उभी चिरा, आतली पांढरी पावडर धुऊन टाका आणि दोन बोटे रुंदीची लांब पट्टी कापा. गुंडाळायला सुरुवात मागून, म्हणजे चाकाच्या आसाकडून करा आणि पायडलकडे या. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढू द्या. कौले शाकारताना आपण वळचणीकडून आढ्याकडे जातो ना, म्हणजे पाणी फटीत न शिरता वरून घसरते, तसेच हे. सायकल पुढे जाताना चिखलपाणी पुढून मागे जाते, वेढ्याची उघडी कड मागे असली की ते आत घुसत नाही. दोन्ही टोकांना केबल टाय आवळा आणि त्यांची शेपटे साखळीपासून दूर, बाहेरच्या अंगाला कापा. चाक हाताने फिरवून साखळी आणि गिअर कुठे अडकत नाहीत ना, ते सगळ्या गिअरमध्ये पाहून घ्या.

पण ट्यूबलाही माझ्या प्लास्टिकचा दोष थोडा आहेच. आत ओल राहू शकते. त्यामुळे लोखंडी फ्रेमवर ती वर्षभर विसरायची नाही. पावसाळा संपला की सोडायची, नळी पुसायची, वाळवायची, तपासायची आणि पुन्हा बांधायची. कापडी पट्टी मात्र या जागी कधीच नको, ती पाणी पिऊन बसते.

साखळी कमी आपटावी यासाठीही काही करता येते. साखळी गरजेपेक्षा लांब किंवा झिजून सैल झालेली असेल तर ती बदला. खडबडीत उतारावर पुढची मोठी चकती घ्या, साखळी ताणलेली राहते. आजकालच्या काही गिअरमध्ये साखळी ताणून धरणारी जास्तीची व्यवस्था असते, नवी सायकल घेताना ते विचारावे.

रंग आधीच गेला असेल तर

गंजावर पट्टी लावणे म्हणजे जखमेत माती ठेवून पट्टी बांधणे. आम्ही गंज आधी जाड, मग बारीक पॉलिशपेपरने चमक येईपर्यंत घासला. स्पिरिटने पुसून गंजरोधक प्रायमर लावला. तो वाळल्यावर रंगाचे दोन हात दिले आणि तीन दिवस हात लावला नाही. भाच्याला हे तीन दिवस जड गेले. रंगाची छटा तंतोतंत जुळली नाही, पण तो म्हणाला, "असू दे मामा, चोराला ओळख पटंल." लहानसा ओरखडा असेल तर नखांचे पारदर्शक पॉलिशही तात्पुरते पुरते. आमच्या घरातली बाटली त्यात संपली, त्याचा हिशेब अजून मिटलेला नाही.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पाणी सीटच्या नळीतून फ्रेमच्या आतही जाते. भर पावसात भिजून आल्यावर कधीतरी सीट काढून सायकल उलटी करावी आणि नळ्या निथळू द्याव्यात.

"आमची फ्रेम अल्युमिनियमची आहे, तिला गंज लागत नाही," असे पुष्कळ जण सांगतात. हे अर्धे खरे. यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून जो अल्युमिना काढतात, म्हणजे अल्युमिनियमचा ऑक्साइड, त्याचाच अत्यंत पातळ थर उघड्या अल्युमिनियमवर आपोआप चढतो आणि आतल्या धातूला राखतो. पण जिथे केबल रोज घासते तिथे हा थर बसतो आणि खरवडला जातो, पुन्हा बसतो आणि पुन्हा खरवडला जातो. प्रत्येक वेळी धातू थोडा थोडा जातो. चांगल्या हलक्या फ्रेमच्या नळीची भिंत मधल्या भागात दीड मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. तिथे खोल खाच पडणे चांगले नाही, कारण अल्युमिनियमची नळी तडकते ती बहुधा अशाच खाचेपासून किंवा जोडाजवळून. चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणाऱ्यांनी समुद्राकडच्या खाऱ्या हवेचीही आठवण ठेवावी, परत आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवावी.

कार्बनची फ्रेम आपल्या भागात कमी, पण दिसू लागली आहे. तिच्यावर रंगाखालचे धागे दिसू लागले तर घरी पॉलिशपेपर लावू नका, जाणकाराला दाखवा.

आणि फ्रेम कोणतीही असो, जोडाजवळ रंगात केसासारखी रेघ दिसली, तर ती नुसता ओरखडा आहे असे गृहीत धरू नका. मिस्त्रीला दाखवेपर्यंत पोराला सायकलवर बसवू नका.

खंडेनवमीचा मुहूर्त

हे सगळे दर आठवड्याला करायचे नाही. मी वर्षातून दोन दिवस ठरवले आहेत. एक मेअखेर, पावसाच्या आधी. तेव्हा पट्ट्या आणि ट्यूब बांधायची. दुसरा खंडेनवमी. आपल्या घरांत कोणी खंडेनवमी म्हणते, कोणी आयुधपूजा, पण सायकल धुऊन तिला हार घालायचा हे दोन्हीकडे सारखे. तोवर पावसाळाही बहुतेक सरलेला असतो. त्या दिवशी हार घालण्याआधी ट्यूब सोडावी, पट्ट्यांच्या कडा पाहाव्यात, जोडांवरून बोट फिरवावे. पूजा म्हणजे वर्षातून एकदा त्या वस्तूकडे लक्ष देणे, असे मला तरी वाटते. वरून हळद-कुंकू आणि आतून गंज, हे त्या सायकललाही आवडणार नाही.

काम संपले तेव्हा आम्हा मामा-भाच्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. सासूबाईंनी दोघांपुढे दहीभाताच्या वाट्या ठेवल्या आणि हसून म्हणाल्या, "कै केसरादरे बाय् मोसरु." हात चिखलात गेले तर तोंडी दही. म्हण नेहमीचीच, पण वाटीत खरेच दही होते म्हणून ती जास्त गोड लागली.

सायकल गाडीच्या मागे बांधून निपाणीला पोचवली. परवा खंडेनवमीला भाच्याचा फोन आला. पहिलेच वाक्य, "मामा, ट्यूब सोडून बघितलो. आत कोरडं आहे." मी विचारले, "आणि हँडलखाली?" "पट्टीवर ओरखडे आहेत, रंगावर नाहीत." मग मागून बहिणीचा आवाज आला, "दादा, त्यानं आता शेजारच्या दोन पोरांच्या सायकलींना पण ट्यूब बांधून दिल्यात. माझी जुनी सगळी कात्री बोथट केली बघ."

कात्रीला धार लावून देता येईल. पुढच्या आठवड्यात तोच विषय घेऊ.